रंगातली सवत

सांगलीची ती बाई फोटोला हात लावायच्या आधी फोन करायची. फोटो मिळाले, छान आलेत, असलं काही बोलायची पद्धत नाही. पहिलाच प्रश्न, मांडवाचं कापड कुठल्या रंगाचं होतं? मग जेवणाच्या हॉलमध्ये ट्यूब होत्या का पिवळे दिवे? नवरीच्या मागं जी भिंत दिसते ती चुन्याची का ऑइलपेंटची? आमचे सुनीलराव फोन कानाला लावून माझ्याकडं बघायचे, कारण दिवसभर कॅमेऱ्याला डोळा लावून उभ्या असलेल्या या माणसाला मांडव कुठल्या रंगाचा होता हेसुद्धा आठवत नसे. मी सांगायचे, हिरवा होता, कडेला गुलाबी झालर. ते तिला सांगायचे. दोन दिवसांनी तिच्याकडून रंग दुरुस्त होऊन फोटो यायचे आणि कौतुक मात्र सगळं तिच्या वाट्याला जायचं.

मी तिला सवत म्हणायचे. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्यानं, सुनीलरावांना ऐकू जाईल असं. "माझ्या सवतीचा निरोप आला का?" ते चिडायचे. ते तिला ताई म्हणत, ती साठी ओलांडलेली, दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलं नाही, सगळा व्यवहार फोनवर आणि इंटरनेटवर. पण मी म्हणते, नवरा नेला असता तर एक वेळ चाललं असतं. तिनं माझी खुर्ची नेली होती.

आमचा स्टुडिओ वाईत, घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. लग्नात सुनीलराव स्टेजवर आणि मी बायकांकडं, म्हणजे हळद, चुडा, ओटी वगैरे. आणि स्टुडिओत आल्यावर फोटोंचे रंग बघायचं काम माझं. कॅमेरा म्हणजे बिनडोक वस्तू. ट्यूबखाली माणूस हिरवट, पिवळ्या दिव्याखाली शेंदरी, झाडाच्या सावलीत निळसर. आपला डोळा हे आतल्या आत सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमेलच असं नाही. मग फोटोत जी वस्तू खरोखर पांढरी आहे तिच्यावर क्लिक करायचं. सॉफ्टवेअर तिला पांढरं धरतं आणि बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. लग्नातली पांढरी वस्तू मी शोधून ठेवली होती, अंतरपाट. अगदी मधोमध, नवरा-नवरीच्या अंगावरचाच उजेड त्याच्यावर. अंतरपाटावर क्लिक, की सगळा अल्बम तयार. मला वाटायचं, काय डोकं आहे आपलं.

त्या डोक्यानंच माझा घात केला. वडूजकडचं लग्न होतं, माझ्या माहेरच्या बाजूचं. नवरा फौजेत. लग्न वाईला आणि गुरुजीही वाईचे. गुरुजींचा अंतरपाट जुना, कित्येक लग्नांतल्या हळदीच्या हातांनी पिवळट झालेला. मी नेहमीसारखं क्लिक केलं. सॉफ्टवेअरनं त्या पिवळटाला पांढरं करायचं म्हणून सगळ्यांच्या अंगावर निळा ओतला. दिवसभर तेच बघून माझा डोळा सरावला होता, मला काही वावगं दिसलं नाही. अल्बम छापून गेला आणि नवऱ्याची आई तो घेऊन दुकानात आली. चार गिऱ्हाइकं बसलेली असताना तिनं अल्बम उघडून धरला आणि म्हणाली, "आमच्या सुनंला इचू चावलाय जनू. व्हट बघा की, जांभळं पडल्यात."

त्याच आठवड्यात सुनीलरावांनी कुणाकडून तरी सांगलीचा नंबर मिळवला. त्यांनी तिला ते निळे फोटो पाठवले, आणि फोन स्पीकरवर होता म्हणून मी माझ्या कानांनी ऐकलं. तिनं विचारलं, "गुरुजी वाईचं व्हते काय? मग अंतरपाट जुना असणार. त्येच्यावर इस्वास ठेवलाय कुणी तरी." तो कुणी तरी शेजारीच चहा गाळत होता. पुढं ती म्हणाली, "परतेक लग्नात एक तरी पांढरं खोटं बोलतंय. आधी त्ये हुडकायचं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. अल्बम तिनं दुरुस्त करून पाठवला, नवरीचे ओठ माणसासारखे झाले आणि त्या दिवसापासून रंगाचं काम सांगलीला जायला लागलं. मी खुर्चीवर बसून फक्त फोटो निवडायचे आणि नावं घालायची. मला ते काम परत पाहिजे होतं. आणि ते सुनीलरावांनी स्वतःहून, "तूच कर गं, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही," असं म्हणून द्यायला पाहिजे होतं. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

बाई गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती. रोलच्या काळात सांगलीतल्या एका कलर लॅबमध्ये तिनं उमर काढली होती. कुठल्या फोटोत पिवळा किती, तांबडा किती, हे मशिनपुढं उभं राहून ठरवणारी ती लॅबमधली एकटीच. लॅब बंद पडली तेव्हा मुलानं तिला कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तिनं तोच धंदा घरी मांडला. याचा तोरा केवढा! "माझ्या हातनं गेल्याला फोटो कवा म्हागारी आला न्हाई," हे वाक्य ती दर फोनला एकदा तरी म्हणायची. सुनीलराव मान हलवायचे, जणू तिला ते दिसतंय. मी भांडी आपटायचे.

एकदा घाटावर एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढले होते. संध्याकाळची वेळ, अंगावर गुलाबी कपडे, पांढरं औषधालाही नाही. मी मनात म्हटलं, आता बघू या बया काय करते ते. तिनं फोन करून विचारलं, पायऱ्यांचा दगड कोरडा होता का ओला? कोरडा असेल तर तो करडा, त्याच्यावर विसंबून काम करता येतं. "वला असंल तर न्हाई. वल्या दगडात आभाळ उतरतंय." लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या पायऱ्यांवरून रोज जाते. धुणं धुतलंय, दिवे सोडलेत, पाय घसरून पडलेही आहे. पण तो दगड माझ्या कामाचा आहे हे मला सुचलं नाही, आणि वाईचा घाट आयुष्यात न बघितलेल्या बाईला सुचलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खरंच सांगते.

माण तालुक्यातल्या एका धनगर कुटुंबानं जत्रेचे फोटो काढून घेतले होते. भंडारा उधळलेला, माणसं, मेंढरं, देवाची पालखी, सगळं पिवळंधमक. कॉम्प्युटरला वाटलं काही तरी बिघडलंय. त्यानं आपल्या अकलेनं सगळा पिवळा काढून टाकला, आणि माणसं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. बाईंनी सगळा भंडारा परत आणला. वर सुनीलरावांना ऐकवलं, "ट्यूबलाइटचा पिवळा काढायचा. द्येवाचा काढायचा नसतोय." फोटो न्यायला आलेल्या आजोबांनी तो हातात घेतला आणि कपाळाला लावला. सुनीलरावांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण वेगळ्या कारणानं. माझ्या कुठल्या फोटोला कुणी कपाळ टेकवलं नव्हतं.

आणखी एक तिचं होतं, ती माणसाला गोरं करून देत नसे. लग्नाच्या फोटोत हे मागणं ठरलेलं, मुलीची आई हळूच सांगते, जरा उजळ करा. सुनीलराव निरोप पोचवायचे आणि ती साफ नकार द्यायची. "पोरगी सासरी त्वांड घिऊन जानार हाय, फोटू घिऊन न्हाई," म्हणायची. मजा म्हणजे गिऱ्हाईक नाराज व्हायचं नाही. सावळी पोरगी तिच्या फोटोत अशी तुकतुकीत सावळी दिसायची की आईच गप्प बसायची. मी इतकी वर्षं गोरं करून करून लोकांना पिठूळ केलं होतं. तेही तिच्यामुळं कळलं, म्हणून आणखीच राग.

मग मी काय करायचे, तर तिच्याकडून आलेला एकेक फोटो मोठा करून बघायचे. कोपरे बघायचे, सावल्या बघायच्या, डोळ्यांतलं पांढरं, दात, धोतराच्या चुण्या, मंगळसूत्राचं सोनं. शिकायचं म्हणून नव्हे हो. चूक सापडावी म्हणून. तिनं केलेल्या अल्बमचे मूळ फोटो घेऊन मी तेच काम माझ्या पद्धतीनं करायचे आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. दर वेळी तिचं सरस. कधी कधी असं सरस, की माझ्या तोंडून "वा" निघून जायचं आणि मग मीच जीभ चावायचे. वर्षं गेली अशी. एवढं निरखून मी माझ्या पोरांच्या वह्याही तपासल्या नाहीत.

आणि एका दिवाळीच्या आगेमागे मला ते सापडलं. धोतराच्या चुण्यांत किंचित निळसर झाक. आधी वाटलं, नीळ घातलेलं धोतर असेल. पुढच्या लग्नात भातावर तीच झाक. त्याच्या पुढच्या लग्नात मंगळसूत्राचं सोनं जरा फिकं, लिंबाकडं झुकलेलं. मी मागचे महिने काढून लावले, तर झाक हळूहळू वाढत आलेली. मला झालेला आनंद काय सांगू! उठून मी घरात साखर खाल्ली. मग सुनीलरावांना बोलावलं आणि दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "मला तर काही दिसत नाही. ताईंचं तुला काही चांगलं दिसतच नाही, त्याला मी काय करू?" गिऱ्हाइकांचीही तक्रार नव्हती. मी जळते हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं मी खरं बोलते यावर कोण विश्वास ठेवणार?

मग मी काय केलं, चांगले मोठे फोटो छापून घेतले, पिशवीत घातले आणि वडूजला आईकडं जाऊन येते असं सांगून साताऱ्याला आले. तिथून सांगलीची गाडी धरली. कराड येईपर्यंत मी काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. तोरा उतरवायचाच, एवढं ठरलेलं होतं.

दार तिनंच उघडलं. ठेंगणी, काळीसावळी, केस पांढरे आणि नाकात मोठी चमकी. अंगावर फिकी, बिनकाठाची, बिनफुलाची साडी. मी नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "हिरवा मांडव, गुलाबी झालर. तूच सांगतीस न्हवं मागनं?" मला फोनवर ती ऐकत होती, हे मला माहीत नव्हतं. खोलीला चारी बाजूंनी राखाडी रंग, खिडकीला जाड पडदा. रंगीत भिंतीचा रंग कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पडतो म्हणून भिंती तशा, आणि साडीही त्याचसाठी. कामाला बसताना हीच नेसायची म्हणाली. मी मनात म्हटलं, घ्या, ही अंगावरचं लुगडंसुद्धा कामासाठी निवडते आणि मी पोपटी गाऊन घालून बसते.

मी फोटो काढून धोतरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे निळं आहे. ती म्हणाली, पांढरं हाय. मी म्हटलं, निळं आहे. ती चिडेल, मग मी बोलेन, असं माझं ठरलं होतं, पण ती चिडली नाही. फोटो घेऊन उंबऱ्यात गेली, उन्हाकडं पाठ करून उभी राहिली. एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा मिटून. आतून वाटीत दूध आणायला सांगितलं मला. वाटी फोटोशेजारी धरून पुन्हा तेच.

"दूध मला सायीगत दिसतंय," ती म्हणाली. "आन् धोतर दुधागत. म्हंजी निळा मला दिसंनाच झालाय, म्हनून जादा वतत आले." ती पायरीवर बसली. "कवापासनं हाय ह्ये?"

मी सांगितलं, दिवाळीपासून तर नक्कीच. सुनीलला दिसलं नाही काय, तिनं विचारलं. नाही. गिऱ्हाइकाला? नाही. बाकीचे स्टुडिओवाले काम देतात, त्यांच्यापैकी कुणाला? मला काय माहीत, पण तुम्हाला कुणी बोललेलं दिसत नाही.

"मंग तुला कसं दिसलं गं?"

वाटेत केलेली सगळी उजळणी मी विसरले. "मी जळते तुमच्यावर," मी म्हटलं. "तुमचा एकेक फोटो मी चूक काढायला बघते. कित्येक वर्षं बघते."

ती हसायला लागली. डोळ्याला पदर लावून हसली. "आगं बया," म्हणाली, "येवडं माज्या नवऱ्यानं सुदिक बघितलं न्हाई माज्याकडं." नंतर तिनं चहा टाकला. चूक सापडली म्हणून आनंद झाला असेल, म्हणाली. मी म्हटलं, झाला. "व्हायलाच पायजे," ती म्हणाली, आणि माझ्या बशीत आणखी एक खारी ठेवली. तोरा कुठं उतरला होता? माझाच उतरला होता.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. मिरजेला ऑपरेशन झालं. पट्ट्या निघाल्यावर तिनं पहिल्यांदाच सुनीलरावांना सोडून थेट मला फोन केला. सगळं निळंच निळं दिसतंय म्हणाली. कामाची ती साडी राखाडी नाहीच, चक्क निळी आहे, दुकानदारानं फसवलं. माझ्या आवाजावरून मी सावळी असेन असं तिला वाटलं होतं, आणि ऑपरेशनआधी बघितलं तेव्हा पिवळी दिसले होते, तेव्हा खरा रंग कोणता ते कळवावं. मी म्हटलं, फोटो पाठवते. ती म्हणाली, नको, तूच रंग केलेला असणार.

मग तिनं तो सगळा निळसर काळ पुन्हा काढून एकेक अल्बम दुरुस्त केला आणि न मागता पाठवून दिला. सुनीलरावांनी जुना आणि नवा शेजारी ठेवला आणि म्हणाले, "अरे हो की, केवढा निळा होता!" तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं. कसं आवरलं माझं मलाच ठाऊक.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत तिचा सुनीलरावांना फोन आला. काम बंद करतेय, मुलाकडं बेंगळुरूला जातेय. एकदा डोळ्यानं फसवलं, आता भरवसा राहिला नाही. आणि म्हणाली, आता सांगलीला, कोल्हापूरला कुणाला शोधत बसू नका. "माझी चूक धरनारी येकच बाई हाय आन् ती तुमच्या घरात हाय." सुनीलराव फोन ठेवून माझ्याकडं आले, चेहरा गंभीर, आणि म्हणाले, "ताई म्हणतात, रंगाचं काम तू बघ."

ताई म्हणतात! एवढी वर्षं मी ज्या वाक्यासाठी जीव टाकत होते ते आलं, आणि तेही तिच्या शिक्क्यानं. माझी खुर्ची मला मिळाली ती तिनं दिली म्हणून. मी सुनीलरावांशी दोन दिवस बोलले नाही. तिला फोन करून भांडावं असंही मनात आलं, पण काय म्हणून भांडणार? तिसऱ्या दिवशी एका लग्नाचे फोटो येऊन पडले आणि मी निमूट बसले. मांडवाचं कापड कुठल्या रंगाचं होतं, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.

अल्बम पूर्ण झाला की त्यातला एक फोटो मी मोबाइलच्या स्टेटसवर लावायचे. बघणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव सगळ्यांच्या आधी यायचं. चांगलं झालंय म्हणून एक अक्षर कधी लिहिलं नाही. लिहिलंच तर, "मांडवाचा हिरवा गालावर आलाय," किंवा "ह्या रुखवताचं पांढरं खोटं हाय." मी रागारागानं फोटो उघडायचे आणि तिचं बरोबर असायचं. काढून दुरुस्त करून पुन्हा लावायचे. पुन्हा तिचं नाव यायचं, आणि यावेळी लिहिलेलं काही नसलं तर मी दिवसभर गुणगुणत असायचे. मला वाटायचं, एक दिवस असा येईल की हिला काही काढताच येणार नाही, आणि हिला ते माझ्याजवळ कबूल करावं लागेल. तेवढ्यासाठी मी काम करत होते असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलाचा निरोप आला, आई गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. सुनीलराव रडले. मी तेव्हा रडले नाही, दिवसभर फोटो निवडत बसले.

नंतर घाटावरच्या एका लग्नाचं काम आलं. दगड ओला, मांडव जांभळा, नवरी सावळी, गुरुजींचा अंतरपाट नेहमीचाच. सगळी खोटी पांढरी एकत्र जमलेली. मी जीव ओतून केलं. माझं मलाच कळत होतं की असं आपण आजवर केलेलं नाही. सुनीलराव पाठीमागं उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "अगदी ताईंच्या तोडीचं झालंय."

तोडीचं! मी उठले आणि मोरीत जाऊन रडले, नळ सोडून. मला तिच्या तोडीचं व्हायचंच नव्हतं. मला तिच्या पुढं जायचं होतं. आता गेले की नाही गेले, हे बघायला सुद्धा ती मेली थांबली नाही.